चुकलेल्या बोटींची यादी

बंदरावर चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला अख्ख्या शहरात कुठे काय चांगलं खायला मिळतं ते तोंडपाठ होतं, आणि त्यातल्या एकाही जागी ती कधी जेवली नव्हती. हे ऐकून कुणाला हसू आलं तर येवो. तिला येत नसे. रोज दुपारी एक वाजता ती काचेला 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लावायची, पिशवीतून नवऱ्याने भरून दिलेला डबा काढायची, आणि झाकण उघडण्याआधीच तिला आतलं सगळं दिसायचं. उकडलेला भोपळा, मऊ भात आणि बाटलीत सूप. त्या सुपाला पाणी म्हटलं असतं तर पाण्याला राग आला असता.

लोक तिला चौकशीबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते पगाराच्या दिवसापुरतं. खिडकीच्या काचेला बोलायला एक गोल भोक होतं, आणि ते पाडणाऱ्याने बहुधा स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाचं माप घेतलेलं असावं. त्यामुळे भलेभले लोक तिच्यापुढे कंबरेत वाकून उभे राहत आणि तेच तीन प्रश्न विचारत. बोट किती वाजता? शौचालय कुठे? आणि इथे चांगलं जेवायला कुठे मिळेल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ती मान वर न करता द्यायची. तिसऱ्या प्रश्नाला मात्र चष्मा सारखा करून माणसाकडे नीट बघायची. बरोबर लहान मूल आहे का, म्हातारं कुणी आहे का, चालायची तयारी आहे का, हे बघून मग जागा सांगायची. तिने सांगितलेली जागा फसली असं कधी झालं नाही.

स्वतः न जेवता हे तिला कसं कळायचं, तर त्याची तिची एक रीत होती. बेटांवरून येणारी बोट सकाळी अकराला धक्क्याला लागायची, परत जाणारी दोनला सुटायची आणि त्यानंतरची थेट साडेचारला. म्हणजे आलेल्या माणसांना बाजारहाट उरकून जेवायला जेमतेम तासभर. रोज चार-दोन जणांची दोनची बोट चुकायचीच, आणि बोट चुकलेला माणूस चौकशीच्या खिडकीशिवाय जाणार कुठे? तो आला की ती एकच गोष्ट विचारायची, "कुठे जेवलात?" आणि एका जाड वहीत तीन रकान्यांत लिहून ठेवायची. जागा, माणसं किती, आणि रागावलेली होती की नाही. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. ताट यायला उशीर झाला म्हणून ज्याची बोट चुकली, तो काचेवर थापा मारतो आणि बंदराच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. पण जेवण संपूच नये असं वाटलं म्हणून ज्याची चुकली, तो शांतपणे विचारतो, "असू दे. पुढची कधी आहे?" आणि बाकावर जाऊन पाय पसरून बसतो.

तेरा वर्षांत तिच्या अशा सहा वह्या भरल्या होत्या. कुणी येऊन नुसतीच स्तुती केली, तर ती वहीत चढत नसे. स्तुतीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. स्तुती कशी करतात हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती स्वतः रोज रात्री करत होती.

तिचा नवरा शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होता. चारशे रोग्यांचं दोन वेळचं जेवण त्याच्या हाताखालून जायचं. कुणाला मीठ चालत नाही, कुणाला तेल, कुणाला दोन्ही. तिथून दमून आला तरी घरचा स्वयंपाक तोच करायचा, आणि तिला ओट्याला हात लावू द्यायचा नाही. आता अशा बाईने तक्रार करायची तरी कुणाकडे? शेजारणी म्हणायच्या, आमच्याकडे पाण्याचा पेला हातात द्यावा लागतो, तुझं नशीब बघ. नणंद म्हणायची, माझ्या भावासारखा नवरा दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही. ही नणंद त्यांच्याकडे महिन्यातून एकदा यायची आणि दर वेळी घरून जेवूनच यायची, हे जाता जाता सांगायला हवं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा, आणि मारणारा वर प्रेमाने विचारतो, "अजून वाढू का?"

हे सुरू कसं झालं, त्यात तिचाही हात होता. बावीस वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडाला सूज आली होती आणि डॉक्टरांनी दोन महिने मीठ बंद केलं होतं. त्या दोन महिन्यांत नवऱ्याने रजा काढून तिला उशाशी बसून भरवलं. ती बरी झाली. डॉक्टर म्हणाले, आता काय हवं ते खा. त्या संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, आज काय करू? तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "तुम्ही करता तेच करा. छान असतं." झालं. एका संध्याकाळच्या कृतज्ञतेची शिक्षा बावीस वर्षं. खुनालाही कधीकधी यापेक्षा कमी होते.

वरून मीठ घ्यायची सोय नव्हती. ताटात वरून मीठ घेणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याच्या थोबाडीत मारणं, असं त्याचं ठाम मत होतं आणि ते तो पाहुण्यांनाही ऐकवायचा. मिठाची बरणी कपाटाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर असायची. तिथे त्याचाच हात पोचायचा. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती. ती माहेरी येताना पर्समध्ये मिठाची पुडी घेऊन यायची आणि बाबा पाणी आणायला उठले की आईच्या ताटात चिमूटभर टाकायची. दर वेळी म्हणायची, आई, एकदा स्पष्ट सांग ना त्यांना. आई म्हणायची, सांगेन. आणि तेवढ्यात बाबा पाणी घेऊन यायचे.

आडून आडून तिने सांगितलं नव्हतं असं नाही. रात्री जेवताना ती विषय काढायची, बर्फाच्या कारखान्यामागे एक खानावळ आहे म्हणे, मासा फार चांगला तळतात. तो म्हणायचा, "असेल. आपल्या घरात काय कमी आहे?" मीठ, ती मनात म्हणायची. मोठ्याने म्हणायची, तसं नाही हो, आपलं सहज. मग तो विचारायचा, भोपळा कसा झालाय, आणि ती मन मारून सांगायची, "छान झालाय."

एकटीने जाऊन खायचं, असंही तिच्या मनात आलं होतं. एकदा ती त्या खानावळीच्या दारापर्यंत गेलीसुद्धा. आतून लसणाचा आणि तापलेल्या तव्याचा वास आला आणि तिच्या तोंडाला असं पाणी सुटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. पण पिशवीत भरलेला डबा होता. आजारपणात उशाशी बसून भरवणाऱ्या माणसाला चोरून आपण इथे ताटावर बसायचं, हे काही तिच्या मनाला पटेना. एकदा त्याच्याबरोबर येईन, उजळ माथ्याने बसेन आणि मला हवं ते मागवेन, असं ठरवून ती परत फिरली. त्याला नऊ वर्षं झाली. माणसाने जगात काय काय मागितलेलं असतं, तिचं मागणं एवढंच होतं. एक जेवण.

त्या वर्षी पर्यटन खात्याने शहरातल्या खाण्याच्या दहा उत्तम जागांची पुस्तिका काढायचं ठरवलं. आधीच्या वर्षीची पुस्तिका साहेबलोकांनी बसल्या जागी केली होती. तिच्यातल्या दोन जागा साहेबांच्या मेहुण्यांच्या होत्या, आणि एक तर पुस्तिका छापून येण्याआधीच बंद पडली होती. तक्रारींचा पाऊस पडला. मग खात्यातल्या एका चुणचुणीत मुलीच्या गळ्यात हे काम आलं. ती बंदरावर चौकशीला आली आणि खिडकीतल्या सहा वह्या बघून तिथल्या स्टुलावरून तीन तास हललीच नाही. जाताना म्हणाली, बाई, यादी तुमची आणि नावही तुमचंच. पुस्तिकेवर छापायचं, 'चौकशीबाईंची निवड'.

दहा जागा निवडणं सोपं गेलं. दीपगृहाच्या रस्त्यावरची दोन बहिणींची जागा, गोदी कामगारांची पहाटे उघडणारी खानावळ, जिन्याखालचा रस्सा-भातवाला, आणि सगळ्यांत वर बर्फाच्या कारखान्यामागची ती सहा टेबलांची जागा. तेरा वर्षांत त्या एका जागेपायी दोनशे अकरा माणसांची बोट चुकली होती आणि रागावलेला त्यांत एकही नव्हता. पंचाईत पुढे आली. मुलगी म्हणाली, प्रत्येक जागेच्या चवीबद्दल दोन-दोन ओळी लिहून द्या. आता चव हिने कुठून आणायची? खरं सांगायची सोय नव्हती. मग तिने काचेच्या भोकातून येणारा वास आठवला, माणसांच्या हातांचा, कपड्यांचा. बर्फाच्या कारखान्यामागच्या खानावळीबद्दल तिने लिहिलं, 'इथला मासा खाऊन आलेली माणसं बोटीची वाट बघताना बोटांचा वास घेत बसतात.' मुलगी वाचून म्हणाली, तुम्ही किती मन लावून खाता हो बाई. चौकशीबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं स्वतःला म्हणत तिने त्या रात्री बराच वेळ कूस बदलण्यात काढला.

पण त्यातूनच वाट निघाली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर फोटो हवा होता. चौकशीबाई आणि त्यांचे यजमान, यादीतल्या पहिल्या जागी, टेबलावर बसून जेवताना. मंगळवारी दुपारी साडेबाराची वेळ ठरली. सरकारी पत्र आलं. तिने ते पत्र जेवणाच्या टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं.

त्याने पत्र वाचलं. जागेचं नाव परत वाचलं. मग म्हणाला, दुसरी कुठली जागा नाही का? ती म्हणाली, पहिल्या नंबरची हीच. तो म्हणाला, तिथे फार गर्दी असते. तुम्हांला काय माहीत, तिने विचारलं. तो म्हणाला, ऐकून आहे. मग म्हणाला, तुझ्या तब्येतीला बाहेरचं चालायचं नाही. मग म्हणाला, फोटो काढू आणि घरी येऊन जेवू, मी सकाळीच सगळं करून ठेवतो. मग इस्पितळात मंगळवारी तपासणी असते म्हणाला. एकेक सबब तो काढत होता आणि एकेक ती खोडत होती. लग्नानंतर इतकं सरळ ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. शेवटी ती म्हणाली, "मी एकटी गेले तर फोटोखाली काय छापतील? विधवा?" तेव्हा कुठे तो भोपळा चिवडत म्हणाला, येतो.

मंगळवारी तिने खिडकीत तिकीटघरातल्या कारकुनाला बसवलं आणि ठेवणीतली साडी नेसली. सकाळी काहीच खाल्लं नाही, पोटात जागा हवी म्हणून. वाटेत तिने मनाशी दहा वेळा घोकलं, आधी तळलेला मासा, मग रस्सा, मग भात, आणि पोटात जागा उरली तर परत मासा. नवरा बसमध्ये खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. उन्हाचा असेल असं तिला वाटलं. सगळ्या जगाची चौकशी करणारी ही बाई, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खानावळ तिने मनात रंगवली होती तशीच होती. चुना दिलेल्या भिंती, पुसून पुसून मध्यभागी फिकी पडलेली सहा लाकडी टेबलं, स्वयंपाकघराच्या भिंतीला ताटं सरकवायची एक चौकोनी खिडकी. खात्यातली मुलगी आणि फोटोवाला आधीच आले होते. चौकशीबाई खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि एकदा डोळे मिटून तो वास पोटभर आत घेतला. तेवढ्यात वाढपी आला. साठीचा, खांद्यावर फडकं टाकलेला, चालताना उजवा पाय किंचित ओढणारा. तिने तोंड उघडलं, तळलेला मासा म्हणायला.

वाढप्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. त्याने तिच्या नवऱ्यासमोर एक वाटी ठेवली. वाटीत जाडं मीठ होतं आणि लिंबाच्या दोन फोडी.

"साहेब, आज मंगळवारीच?" तो म्हणाला. "बरं झालं. माशाचं मोठं डोकं ठेवलंय, आणतो नेहमीसारखं." मग तिच्याकडे वळून आदराने जरासा वाकला. "वहिनी ना? कशी आहे आता तब्येत? साहेब दर गुरुवारी सांगतात, तुम्हांला बाहेरचं अगदी चालत नाही म्हणून. आज आलात, आनंद वाटला. तुमच्यासाठी बिनमिठाचा भात टाकायला सांगू का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि नेमका त्याच क्षणी फोटोवाला म्हणाला, बाई, इकडे बघा, जरा हसा. ती हसली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर तो फोटो आजही आहे. बघणाऱ्यांना त्यात एक समाधानी जोडपं दिसतं. नवऱ्याची मान थोडी खाली आहे, ती लाजल्यामुळे असेल असं वाटतं.

फोटो झाले. तिच्यासमोर तळलेला मासा आला, मीठ घातलेला. तसं तिने वाढप्याला दातांवर दात ठेवून बजावलं होतं. नवऱ्यासमोर रश्शाचं मोठं वाडगं आलं. मुलीने चार गोड शब्द बोलून निरोप घेतला, फोटोवाल्याने सामान आवरलं, आणि टेबलावर दोघंच उरली. नवऱ्याचा हात सवयीने मिठाच्या वाटीकडे गेला. चिमूट उचलली, रश्शावर धरली आणि मग तो थांबला. तिने त्याच्या त्या चिमटीकडे पाहिलं. कपाटाच्या वरच्या फळीकडे ती बावीस वर्षं अशीच बघत आली होती.

गुरुवार, तिच्या डोक्यात आलं. दर गुरुवारी तो दोन तास उशिरा यायचा. कोठीची मोजणी असते म्हणायचा. गुरुवारी रात्री त्याला भूक नसायची आणि ती म्हणायची, दमलात हो, जरा पडा. उशिरा यायचा, पण रागावलेला कधीच नसायचा. पाय पसरून बसायचा. दोनशे अकरा परक्या माणसांना तिने ज्या खुणेवरून ओळखलं होतं, ती खूण दर आठवड्याला तिच्या स्वतःच्या घरात येऊन खुर्चीत बसत होती, आणि ही त्याच्या पायाखाली उशी सरकवत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील, तो म्हणाला. फक्त गुरुवारी. मग हळूहळू त्याने सगळं सांगितलं. चारशे माणसांचं अळणी शिजवून आचाऱ्याची जीभ मरते. मेलेल्या जिभेने स्वयंपाक करता येत नाही. तिला धार लावायला आठवड्यातून एकदा काहीतरी खारट, आंबट, झणझणीत लागतं. हे घरी करता आलं असतं, पण मग बायकोला वास आला असता, तिला खावंसं वाटलं असतं, आणि तिच्या तब्येतीला ते चालणारं नव्हतं. म्हणून बाहेरच्या बाहेर. तो हे अगदी मनापासून सांगत होता. त्याच्या लेखी ही सगळी तिची काळजीच होती.

"आणि माझी जीभ?" ती म्हणाली. "मी बरी होऊन बावीस वर्षं झाली."

"तुला अळणी आवडतं ना."

"कोण म्हणालं?"

"तू," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "रोज म्हणतेस."

ते खरं होतं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, बावीस वर्षं रोज रात्री ती स्वतःच्या तोंडाने म्हणत आली होती. इतका साठवलेला राग, आणि तोही धड त्याच्यावर काढता येईना. खोटं त्याचंही होतं, पण त्याचं आठवड्यातून एकदा आणि तिचं रोजचं. तिला टेबलावर मूठ आपटावीशी वाटली. त्याच्यावर, लेकीचं न ऐकणाऱ्या स्वतःवर, त्या डॉक्टरवर, नशीब काढलंस म्हणणाऱ्या सगळ्या शेजारणींवर एकदम ओरडावंसं वाटलं. बाजूच्या टेबलावर दोन माणसं निवांत काटे काढत बसली होती. तिने आवाज खालीच ठेवला.

"मला नाही आवडत," ती म्हणाली. "तुमचं जेवण. कधीच आवडलेलं नाही."

नऊ वर्षांपूर्वी या दारातून परत फिरताना तिला वाटलं होतं, ज्या दिवशी हे बोलेन त्या दिवशी छातीवरचा दगड उतरेल. तसं काही झालं नाही. दगड फक्त त्याच्याकडे गेला. त्याने धरलेली मिठाची चिमूट वाटीत परत टाकली, बोटं रुमालाला पुसली. समोर बसलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला. इस्पितळात चारशे माणसं त्याचं जेवण नाइलाजाने खात होती हे त्याला माहीतच होतं. ते रोगी खाटेवरून तक्रार करायचे, ताटं तशीच परत पाठवायचे, आणि तो ते मनावर घेत नसे, कारण संध्याकाळी घरी एक माणूस होतं.

त्याने रश्शाचं वाडगं बाजूला सारलं. मग हाताखालच्या माणसाला कामातली चूक विचारावी तसं विचारलं, "काहीच नाही?"

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"भोपळा?"

"नाही."

"रविवारचा भात? जिऱ्याचा?"

"नाही हो."

"पोरीच्या वेळेला तुला सूप करून द्यायचो. बाळंतपणात. ते तू दोन-दोन वाट्या प्यायचीस."

"भूक लागायची म्हणून."

त्याने मान हलवली. तिला आता त्याच्याकडे बघवेना. राग अजून तसाच होता, पण या माणसाला रिकाम्या हाताने घरी न्यायचं तिच्या जिवावर आलं. ती खरोखर आठवायला लागली. बावीस वर्षांत त्याच्या हातचं एक तरी काहीतरी असेल, एक घास, एक घोट, जे तिने मनापासून घेतलं असेल. स्वयंपाकघर तिने डोळ्यांपुढे आणलं, ओटा, शेगडी, सकाळची वेळ, खिडकीतून येणारं ऊन. आणि तिला सापडलं. तिला इतकं हायसं वाटलं की ती जवळजवळ हसलीच.

"चहा," ती म्हणाली. "आपल्याकडचा चहा फार चांगला असतो. सकाळचा."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"चहा तू करतेस," तो म्हणाला.

वाढपी एकदा येऊन बघून गेला. रश्शावरचा तवंग गोठला होता. चौकशीबाईने ताट जवळ ओढलं. मासा केव्हाच गार झाला होता. तिने तो तसाच खायला घेतला, सावकाश, काटे बाजूला काढत, शेपटीपर्यंत. मीठ अगदी बरोबर होतं.